हळद लावलेलं झाकण

माझ्या नाकाला वास येत नाही, ही गोष्ट मी तीन वर्षं कोणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. आचाऱ्याचं नाक गेलं म्हणजे मागे राहिलं काय, तुम्हीच सांगा. आणि मी काही बसस्टँडवरचा भजीवाला नव्हे. नार्नूर, इंद्रवेल्ली, बाजारहत्नूर, तेलंगणातल्या या तीन मंडलांत, म्हणजे तालुक्यांत, लग्न जमलं की मुलीचा बाप आधी भटजीकडे जातो आणि तिथून थेट माझ्या दारात येतो. तेलुगू पाहुणे मला वंट मास्टर म्हणतात, आपली माणसं डोमाजी आचारी. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. चाळीस वर्षं धुरात उभा राहिलोय.

करोनाच्या दुसऱ्या फेरीत आठ दिवस ताप आला आणि तापाबरोबर वास गेला. तेव्हा घरोघरी लोकांचा वास गेला होता, म्हणून मी मनावर घेतलं नाही. महिन्याभरात सगळ्यांचा परत आला, माझा आला नाही. हिंगाची डबी नाकाला लावून पाहिली, रॉकेलचा बोळा लावून पाहिला, एकदा तर मेलेल्या उंदराजवळ जाऊन उभा राहिलो. काही नाही. त्या दिवशी गोठ्यात बसून रडलो. आता ते सांगायची लाज वाटत नाही.

आमच्या घराची एक रीत आहे, वडिलांनी शिकवलेली. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आचाऱ्यानं जिभेला काही लावायचं नाही. चाखलं की उष्टं झालं, आणि उष्टं देवापुढे जात नाही. मग मीठ-मसाला कळायचा कसा? नाकानं. वरणाला फोडणी पडली की गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, वाकायचं, वाफ छातीभर ओढायची, मान हलवायची आणि झाकण लावायचं. झाकणावर हळदीचं ओलं बोट ओढायचं. ते ओढलं की लग्नघरातली सगळ्यात मोठी बाई नैवेद्य काढायला येईपर्यंत त्या झाकणाला कोणी हात लावत नाही. माझ्या हाताखालच्या बायका मला फारशा घाबरत नाहीत, पण त्या हळदीला घाबरतात.

नाक गेल्यावर मी सोंग आणायला लागलो. वाकायचो, वाफ ओढायचो, डोळे मिटायचो, सगळं पूर्वीसारखं. मीठ मोजून टाकू लागलो, वेळ घड्याळावर धरू लागलो. आणि झाकण लावायच्या आधी कुसुमबाईला, म्हणजे बायकोला, चारचौघांत हाक मारायचो. "ये वो, वास घेऊन सांग काय कमी हाय. पाहू तुले किती येते." ती शाळेतल्या पोरीसारखी गंजावर वाकायची आणि म्हणायची, "हिंग." मी म्हणायचो, "बरोबर," आणि चिमूटभर हिंग टाकायचो. बाकीच्या बायका हसायच्या. मला वाटायचं, काय डोकं चालवलं मी.

मैत्री माझ्याकडे कामाला आली ती या सगळ्यानंतर. संघपाल मास्तरांची मुलगी, इंद्रवेल्लीची. हैदराबादेत एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात चार वर्षं काम करून आईच्या आजारपणासाठी परत आली होती. मी तिला हौसेनं ठेवलं नव्हतं. उटनूर रस्त्यावरच्या नव्या फंक्शन हॉलवाल्यानं अट घातली होती, की परवाना पाहिजे आणि शिकलेलं माणूसही पाहिजे. आल्या दिवशी तिनं भिंतीवर सात ओळींचा कागद चिकटवला. धोका कुठे आहे ते शोधा, तो कुठे अडवायचा ते ठरवा, किती गरम आणि किती वेळ याची हद्द बांधा, असं काय काय. पाचवी ओळ होती, हद्द ओलांडली तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. ती वाचून मी सगळ्यांसमोर हसलो.

"पोरी, आमच्याइथं वलांडत नाही."

"ज्या दिवशी वलांडन ना काका, त्या दिवशी विचार कराले टाइम भेटत नाही," ती म्हणाली.

तिच्याजवळ काडीसारखं थर्मामीटर होतं. भाजीत खुपसायची, भातात खुपसायची, वहीत आकडा लिहायची. वरण वाढेपर्यंत साठ अंशांच्या वर राहिलं पाहिजे, त्याखाली आलं की जंतू वाढतात, हे तिनं मला दहादा ऐकवलं. चाळीस वर्षांत आम्ही कधी वरणाचा ताप पाहिला नाही, असं मी म्हणालो. त्यावर ती जे बोलली ते मला झोंबलं.

"तवा तुमच्याजवळ लाकडाची भट्टी होती, काका. जाळ विझला तरी खाली निखारे राहत. गंज दुपारपर्यंत चटका देत राहे. आता गॅस हाय. बटन फिरवलं का खाली थंडं लोखंड."

रीत होती तीच राहिली होती, फक्त खालचे निखारे गेले होते. हे वडिलांनी मला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना सांगायची गरजच पडली नव्हती. मला ते पटलं. पटलं म्हणून जास्त राग आला.

आता त्या दिवसाचं सांगतो. मे महिना, केशवरावांच्या मुलीचं लग्न, साडेसहाशे पानं, मुहूर्त सकाळी साडेदहाचा. आदल्या दिवशीच कुसुमबाईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आदिलाबादला नेलं होतं. आमची मुलगी रुपा तिच्याजवळ होती. तारीख डॉक्टरांनी दिलेली, बदलता येत नव्हती. निघताना कुसुमबाई गाडीत बसेना.

"तुमी एकटे कसं करान?" तिनं तीनदा विचारलं.

"तुई सोयरीक व्हायच्या आधीपासून रांधून राह्यलो मी," मी खेकसलो. मनातून मात्र माझं पाणी पाणी झालं होतं. तिच्या नाकावर मी तीन वर्षं काढली होती आणि तिला त्याचा पत्ता नाही, असं मी धरून चाललो होतो.

सकाळी सहा वाजता वरणाला फोडणी पडली. मैत्री तेव्हा बाहेर पाण्याच्या टँकरजवळ होती. मी मुद्दामच तेवढा वेळ साधला. गंजावर वाकलो, वाफ ओढली, गालाला गरम लागली तेवढंच. मान हलवली, झाकण लावलं, हळदीचं बोट ओढलं आणि गॅस बंद केला. मैत्री आत आली, तिनं झाकण पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"काका, काऊन झाकलं एवढ्या लवकर? मी येऊन राह्यली होती ना."

"तुई काडी खुपसायची होती काय?"

"काडी नाही. मले चाखून पाहाचं होतं."

"नैवेद्याच्या आधी? उष्टं करतं काय देवाचं?"

ती दोन पावलं मागे सरली. खरं सांगतो, त्या उष्ट्याच्या आड माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. संघपाल मास्तरांच्या पोरीनं चाखलेलं वरण लग्नात वाढलं, असं उद्या कोणी बोललं तर? संघपाल मास्तरांनी माझ्या दोन्ही पोरांना शिकवलंय आणि त्यांच्या घरी मी कितीदा जेवलोय. तरी तो विचार आला. माणूस किती हलका असतो ते भीतीच्या वेळी कळतं, आणि मी त्या दिवशी पार हलका झालो होतो.

साडेनऊला केशवरावांना फोन आला. वरातीची बस घाटात बंद पडली होती, दुसरी गाडी यायला वेळ लागणार होता. केशवराव तसे शांत गृहस्थ, कापूस पिकवणारे, पण त्या दिवशी दर पाच मिनिटांनी हॉलच्या फाटकापर्यंत जाऊन येत होते. स्वयंपाकघरात आम्ही बसून राहिलो. भाजी मैत्रीनं मंद आचेवर ठेवायला लावली होती, भात अजून टाकलाच नव्हता. बुंदीला काही होत नाही. वरण तेवढं झाकलेलं, आणि बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते.

अकरा वाजता मैत्रीनं गंजाला बाहेरून हात लावला.

"कोमट हाय काका. गॅस तरी चालू करा."

"बुडाले करपन. ढवळा लागते."

"मंग झाकण उघडा, ढवळू."

"हळद लागली हाय."

"हळद पुन्हा लावता येते," ती हळूच म्हणाली.

येत होती की. कोणता देव माझा हात धरणार होता? पण झाकण उघडलं असतं तर सगळ्या बायकांसमोर मला त्यावर वाकावं लागलं असतं आणि सांगावं लागलं असतं, चांगलं आहे की बिघडलंय. सकाळी तेच सोंग आणताना आत काही बिघडलेलं नव्हतं. आता आत काय चाललंय ते मला कळणार नव्हतं, म्हणून मी झाकण बंद ठेवलं. अशी ही माझी अक्कल. साडेबाराला ती पुन्हा आली, वही हातात घेऊन. साडेसहा तास झाले, म्हणाली. मी तिला कांदा-काकडी चिरायला पाठवलं.

दीडच्या सुमारास वाजंत्री ऐकू आली. वरात आली, घाईघाईनं अक्षता पडल्या, उपाशी माणसं मांडवातून थेट पंगतीत बसली. केशवरावांची आई, वच्छलाबाई, ऐंशीच्या पुढची, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून नैवेद्य काढायला आली. तिच्या नाकातोंडावर पदर होता, कारण शेजारी पुऱ्या तळत होत्या आणि तेलाचा धूर झाला होता. मी झाकण उचललं. तिनं पळीभर वरण ताटात घेतलं आणि ती ताट घेऊन गेली. नागेश आणि त्याच्याबरोबरचे वाढपी बादल्या घेऊन उभेच होते. दोन बादल्या भरल्या, गेल्या. तिसरी भरताना मैत्री गंजाजवळ आली आणि तिनं वाढप्याचा हात धरला.

"थांबा. काका, वास येऊन राह्यला."

मी वाकलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी डोळे मिटले, ओढला श्वास. शेवाळलेली विहीर आणि चंदनाचं खोड माझ्यासाठी सारखंच होतं.

"काई नाई," मी म्हणालो. "हिंगाचा हाय."

हे चार शब्द मी कोणाच्या जिवावर बोललो, ते ऐका. बाहेर साडेसहाशे माणसं होती, त्यात पोरं होती, म्हातारी होती, एक बाई तर आठव्या महिन्याची होती. मी तिला स्वतः खुर्ची दिली होती.

मैत्रीनं मला मसाल्याच्या खोलीत ओढलं. मोठ्या माणसाचं मनगट धरून ओढणं तिच्या स्वभावात नव्हतं. दार लोटलं आणि म्हणाली, "काका, तुमाले वास येत नाही."

"कोण म्हणते?"

"काकू."

मी हसायला गेलो. हसू आलं नाही.

"काकूले पहिल्या महिन्यापासून ठाव हाय," ती भराभरा बोलायला लागली, कारण वेळ नव्हता. "तुमी हाक मारून वास घ्याले लावता ना, त्याच्या आधीच त्या चाखून मोकळ्या होत. तुमी पाठ फिरवली का पळी तोंडात. म्हणून त्याइचं उत्तर दरवेळेस बरोबर. काल जातानी मले म्हणे, मी नाही तं तू चाख, पण त्याइले सांगू नको, त्याइचा जीव जाईन. मी सकाळपासून सांगितलं नाही. आता सांगून राह्यली. वरण आंबलं हाय काका, वर फेस हाय."

म्हणजे तीन वर्षं मी ज्या नैवेद्यापुढे हात जोडले तो दरवेळी उष्टा होता. माझ्या बायकोच्या जिभेचा. आणि त्याच उष्ट्यावर माझी रीत, माझं नाव आणि हजारो माणसांची पोटं शाबूत राहिली होती. मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला नुसती लाज वाटली.

मी बाहेर गेलो, पळी बुडवली आणि वरण तोंडात घेतलं. पंगत उठायच्या आधी, सगळ्या बायकांच्या देखत. नाक मेलं होतं, पण जीभ जिवंत होती. चार दिवसांच्या ताकासारखी आंबट चव टाळूला लागली. इतकं सोपं होतं ते. तीन वर्षांत कधीही एक पळी तोंडात घातली असती तर मला कोणाच्या नाकाची गरज पडली नसती.

"पुन्हा उकळून घेऊ," माझ्या तोंडून निघालं. "लसणाची फोडणी देऊ वरून."

"वास मरन त्यानं," मैत्री म्हणाली. "जंतूईनं सोडलेलं विष उकळून मरत नाही."

तेवढ्यात केशवराव आत आले. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. त्यांनी गंजात पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि सगळं समजले. ओरडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "डोमाजीभाऊ, बोभाटा नका करू. पोरीच्या सासरची माणसं बसली हायेत. गॅस सरला म्हणा, वरण झालंच नाही म्हणा. भाजी-पुरीवर भागवू. तुमचंबी नाव राहीन, माहंबी."

चांगला माणूस. मला वाचवायला आला होता. मी होय म्हणणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं.

"दोन बादल्या गेल्या हायेत," मैत्री म्हणाली.

नागेशला हाक मारली. एक बादली त्यानं पोरांच्या पंगतीत नेली होती. दुसरी कोणी नेली, कुठे नेली, त्याला ठाऊक नव्हतं. खाली पंगत, वर गच्चीवर पंगत, वऱ्हाडाच्या खोल्यांत बसलेली म्हातारी माणसं, मागे बसचे ड्रायव्हर. साडेसहाशे पानांत एक बादली शोधायची कशी? मैत्री पोरांच्या पंगतीकडे धावली. मी दारात उभा राहिलो आणि समोर पाहिलं. लोक भातात खड्डा करत होते, वरणासाठी. गॅस संपला म्हणून सांगितलं तर ज्यांच्या पानात वरण आधीच पडलं होतं ते खुशाल खाणार होते, उलट स्वतःला नशीबवान समजणार होते.

मांडवात भटजींचा माईक अजून चालू होता. तिथपर्यंत वीस पावलं असतील. ती मोजत मी निघालो. केशवराव मागून दोनदा "डोमाजीभाऊ" म्हणाले. मी माईक हातात घेतला.

"मी डोमाजी आचारी बोलून राह्यलो," मी म्हणालो. माझाच आवाज चारही भोंग्यांतून माझ्यावर येत होता. "कोणी वरण खाऊ नका. पानात पडलं असन तं पान सारा, दुसरं पान भेटन. वरण आंबलं हाय. ज्यानं खाल्लं त्यानं लपवू नका, मैत्रीजवळ नाव सांगा. लग्नघरचा यात काई दोष नाही. मले वास येत नाही. तीन वर्षं झाले, येत नाही. मी कोणाले सांगितलं नाही. चूक माही हाय."

 मग कुठेतरी पत्रावळी सरकल्याचा आवाज आला, मग सगळीकडून. एक पोरगं रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडात बोट घालून घास काढला. मुलाकडचा एक माणूस उठून मोठ्यानं म्हणाला की असल्या आंधळ्या आचाऱ्याला बोलावलंच कशाला. नाकाचा आंधळा, कोणीतरी दुरुस्ती केली, आणि दोन-चार जण हसले. मी मान खाली घालून उभा राहिलो. हसण्यानं माणूस मरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पोरांच्या पंगतीतली बादली मैत्रीनं वेळेवर अडवली होती. गच्चीवरून एक माणूस दुसरी बादली घेऊन खाली आला. वर अकरा जणांच्या पानात वरण गेलं होतं, चौघांनी दोन-चार घास खाल्ले होते. मैत्रीनं चौघांची नावं आणि नंबर लिहून घेतले. केशवरावांनी स्वतःच्या गाडीतून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. त्यातल्या दोघांना रात्री जुलाब झाले, सकाळपर्यंत थांबले. दोन माणसं, चार घास. पूर्ण गंज गेला असता तर किती झाली असती, हा हिशोब मी अजून पुरा केलेला नाही.

सगळं वरण आम्ही मागच्या खड्ड्यात ओतलं आणि वर माती टाकली. कुत्र्यांनाही दिलं नाही. मग मुगाची डाळ टाकली, कारण ती लवकर शिजते. मैत्री काडी घेऊन उभी राहिली. आकडा बघून तिनं वहीत लिहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पळी भरून तिच्या हातात दिली.

"चाख," मी म्हणालो.

ती जरा थांबली, कारण दारात वच्छलाबाई उभी होती. म्हातारीच्या हातात नैवेद्याचं ताट होतं, देवापुढून उचलून आणलेलं, त्यात ते आंबलेलं वरण तसंच. मैत्रीनं वाटीत ओतून घेऊन चाखलं.

"मीठ पाहिजे," ती म्हणाली. मी मीठ टाकलं. तिनं पुन्हा चाखलं आणि मान हलवली.

"पोरीनं चाखलं?" वच्छलाबाईनं मला विचारलं. तिला कोणाची पोरगी ते ठाऊक होतं, गावातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

"हो माय. आता हे चाखल्याशिवाय देवालेबी नाही."

म्हातारीनं हातातल्या ताटाकडे पाहिलं. मग ताट विसळायला दिलं, धुतलेलं ताट पुढे केलं आणि मैत्रीला म्हणाली, "वाढ मंग. लोकं भुकेजले हायेत."

बातमी माझ्या आधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नार्नूरचे दोन लग्नवाले येऊन काम ठरवताना दिलेला विडा परत घेऊन गेले. बाजारहत्नूरवाल्यानं यायची तसदीही घेतली नाही, फोनवर सांगितलं. मी कोणाशी भांडलो नाही. माझ्या पोरीचं लग्न असतं तर मीही तेच केलं असतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी भांडी धुऊन झाली आणि मी आदिलाबादला फोन लावला. रुपानं फोन आईच्या कानाला लावला. डोळ्याला पट्टी होती, बोलू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ती आधी तेच बोलली.

"वरण कसं झालं?"

मी सगळं सांगितलं. बसपासून माईकपर्यंत.  मी थांबल्यावर ती म्हणाली, "सगळ्याइले सांगितलं? तुमी सोताहून?"

"हो."

 पलीकडे तिनं एक लांब श्वास सोडला.

"काऊन सांगितलं नाही वो मले, का तुले ठाव हाय म्हणून?" मी विचारलं. "एवढे दिवस तू एकटी..."

"तुमी तरी कुठं सांगितलं मले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "डॉक्टर मले रागावले आज. म्हणे बाई, मोतीबिंदू दोन वर्षांमागंच काढाचा होता, येवढा काऊन पिकू देला. काय सांगू त्याइले? दर महिन्याले तुमची आर्डर. मी एक दिवस नाही आली अन् त्याच दिवशी काई झालं तं?" ती थोडी थांबली. "शांता गेली त्या दिवशीबी दोनशे पानं होते."

शांता तिची धाकटी बहीण. गेल्या वर्षी वारली, सकाळी निरोप आला. कुसुमबाई मातीला गेली नाही. पातेल्याजवळ उभी राहिली, डोळे पुसत, आणि म्हणाली, आर्डर हाय. मी त्या वेळी चार लोकांत छाती फुगवून सांगितलं होतं, बाई पाहा माझी, तिला काम आधी.

मी फोन कानाला धरून बसून राहिलो. 

"रुपा," पलीकडे ती मुलीला म्हणाली, "आता ती उशी दे इकडं. झोपते मी जराशी."